तेलाच्या हीटरची हवा काढू नका

परवा सकाळी साडेसातला सेलूहून मावशीचा फोन. "अरे, हवा निघंना रे याच्यातली." तिला पित्ताचा त्रास आहे, म्हणून मी आधी ओवा घेतलास का म्हणून विचारलं. तशी ती वैतागली. "माझी नाही रे, हीटरची! कधीची पेचकस घेऊन बसलेय. उलटा फिरवला, सुलटा फिरवला, नुसता गरगर फिरायलाय."

"पिन काढलीस का बोर्डातून?"

"बटण बंद केलंय की."

मी म्हटलं, पेचकस खाली ठेव, त्याला हात लावू नको, आलोच मी. परभणीहून सेलू तासाभराचा रस्ता आणि बाहेर धुकं. जाऊन बघतो तर हीटरच्या एका अंगाचं झाकण अर्धं लोंबतंय. मावशीनं फिरवलेले स्क्रू हवेचे नव्हतेच, थर्मोस्टॅटच्या, म्हणजे खोली तापली की हीटर बंद करणाऱ्या भागाच्या, डब्याचे होते. आत दोन बोटांवर वायरींची उघडी टोकं. बोर्डाला टेस्टर लावला, तर बटण बंद असूनही दिवा पेटला. जुना वाडा आहे. कुणीतरी कधीकाळी बटण फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी तार) घातलेलं. असल्या बोर्डात बटण बंद केलं की हीटर थांबतो, पण करंट त्याच्या आतपर्यंत येऊन उभाच राहतो. मावशीचं बोट आणि तो करंट यांच्यात त्या झाकणाची अर्धी उघडी फट एवढंच अंतर होतं.

मोटार वायंडिंग आणि घरगुती सामानाच्या दुरुस्तीत माझी वीस वर्षं गेलीत. ग्रुपवरच्या मेसेजांना उत्तर देत बसायची मला हौस नाही. पण मावशीनं ज्याच्या नादानं पेचकस हातात घेतला, तो हीटरचा मेसेज मला आता तिसऱ्या ग्रुपवर दिसला, आणि दर वेळी खाली "खूप छान माहिती" असतंच. मेसेज थोडक्यात असा: जुना हीटर आजच बदला आणि रेडिएटर हीटर घ्या. त्याला पाव वीज लागते. जितके फिन (हीटरच्या उभ्या पाकळ्या) जास्त तितकी ऊब जास्त, म्हणून जुन्यापेक्षा मोठाच घ्या. दर हिवाळ्यात वरचा स्क्रू सैल करून हवा काढा, नाहीतर ऊब निम्मी होते. गुडगुड आवाज आला तर हवा अडकली समजा. खिडकीखालीच ठेवा. वर ओले कपडे टाका, हवा कोरडी होणार नाही. कॉइलचा हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो, म्हणून नवा येईपर्यंत कोळशाची शेगडी बरी, ती नैसर्गिक. शेवटी हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

वाचल्याबरोबर कळतं की हे थंड देशातल्या कुठल्यातरी मजकुराचं भाषांतर आहे, आणि करणाऱ्यानं 'रेडिएटर' हा शब्द बघितला, वस्तू बघितलीच नाही. इंग्लंड-जर्मनीतल्या घरात रेडिएटर म्हणजे भिंतीवर कायमचं बसवलेलं पोलादी किंवा बिडाचं पोकळ पॅनेल. घरात एक बॉयलर असतो, तो पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोलीखोलीत फिरवतो. त्या फिरत्या पाण्यातली हवा हळूहळू पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यात साठते. मग खालचा भाग गरम आणि वरचा गार, आणि आतून गुडगुड. म्हणून तिथं वर एक बारीक व्हॉल्व्ह दिलेला असतो. किल्लीनं थोडा सैल करायचा, फुस्स करून हवा जाते, पाण्याचे थेंब आले की आवळायचा. तिकडच्या बाईमाणसांना हे येतं, जसं आपल्याकडं कुकरची रिंग बदलणं येतं. त्यांच्यासाठी तो सल्ला सोळा आणे खरा.

मावशीच्या पोरानं पुण्याहून पाठवलेला जो आहे तो चाकांवर फिरणारा, आत तेल भरून कारखान्यातच कायमचा बंद केलेला डबा आहे. त्याला ना बॉयलर, ना नळी, ना व्हॉल्व्ह. तळाशी विजेचं एलिमेंट, ते तेल तापवतं, तापलेलं तेल आपोआप वर चढतं आणि गार झालेलं खाली येतं. आत वरच्या बाजूला थोडी जागा मोकळी असते, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. तेल तापलं की फुगतं, त्या फुगण्याला जागा नको? ती 'हवा' काढायला निघणं म्हणजे दूध उतू जाऊ नये म्हणून ठेवलेली पातेल्याची मोकळी जागा वाया गेली म्हणून काठोकाठ दूध भरणं. आणि तो बंद डबा कुणी खरंच कुठून उघडलाच, तर उकळत्या पाण्याइतकं किंवा त्याहून गरम तेल बाहेर येईल. तेल गळायला लागलेला हीटर घरी दुरुस्तही करायचा नसतो. ते तेल बदलत नाहीत, भरत नाहीत, वर्षानुवर्षं तेच चालतं.

आवाजाचं म्हणाल तर चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं टिकटिक होते. तो पत्रा तापून पसरतो त्याचा आवाज. गाडीतून आडवा आणला असेल तर तेल खाली बसेपर्यंत गुडगुडही होते. त्याला तासभर उभा ठेवायचा आणि मगच पिन लावायची. पेचकस लागत नाही.

आता फिनचं. दुकानातही हेच चालतं, "काका, ९ फिनचा कशाला, १३ चा घ्या". इथंही मूळ सल्ला तिकडचाच, आणि तिकडं बरोबरच. तिथल्या रेडिएटरची ताकद युरोपच्या ईएन ४४२ या मानकानं मोजतात: पाणी आत शिरताना ७५ अंश, बाहेर पडताना ६५, खोली २०. म्हणजे पाण्यात आणि खोलीत सरासरी ५० अंशांचा फरक. आता तिथले लोक बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) बसवतायत, आणि त्याचं पाणी बेताचंच गरम असतं. फरक ५० वरून २५ वर आला की त्याच पॅनेलमधून जेमतेम ४० टक्के ऊब मिळते. म्हणून जुना काढताना मोठा बसवा म्हणतात. पाण्याचं तापमान कमी, तर तापणारं अंग जास्त. सरळ हिशोब आहे.

आपल्या तेलाच्या हीटरमध्ये ऊब किती, ते एलिमेंट ठरवतं. २००० वॅटचं एलिमेंट ९ फिनमध्ये घाला नाहीतर १३ मध्ये घाला, खोलीत २००० वॅटच येणार. १३ वाल्याचा पत्रा कमी चटका देईल आणि तो तापायला वेळ जास्त घेईल, एवढाच फरक. मोठ्या हीटरमध्ये ऊब जास्त वाटते कारण कंपनी त्यात एलिमेंटच मोठं घालते. म्हणून फिन मोजू नका, मागची पट्टी वाचा. त्यावर वॅट लिहिलेले असतात.

याच पट्टीवर 'पाव वीज' हा मुद्दाही मरतो. मी मावशीच्या नातवाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं, भाग १, चौथं प्रकरण, 'विद्युतधारेचे परिणाम'. बालभारतीचं पुस्तक, गावोगाव घरात पडलेलं आहे. त्यात जूलचा नियम आहे आणि एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल हेही आहे. तारेतून वीज गेली की तिची उष्णता होते, आणि एका युनिटची एक युनिटच होते. कॉइलचा असो, पंख्याचा असो, तेलाचा असो, कुठलाही साधा विजेचा हीटर खोलीला जवळजवळ सगळीच वीज ऊब म्हणून देतो. शंभरातले शंभर सगळ्यांनाच मिळालेत, तर त्यात पहिला नंबर कुणाचा काढणार? ५०० वॅटमध्ये २००० वॅटची ऊब देणारा तेलाचा हीटर निघाला तर तो विकणारा माणूस सेलूच्या बाजारात कशाला उभा राहील?

(एका युनिटात तीन युनिट ऊब देणारी वस्तू आहे, हॉट-अँड-कोल्ड एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. पण मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.)

मग वीज वाचते म्हणतात ते अगदीच खोटं का? नाही. मला कबूल करायला जिवावर येतं, पण थोडं आहे. तेलाच्या हीटरला थर्मोस्टॅट असतो, जुन्या कॉइलवाल्याला बहुधा नसायचा. खोली तापली की हा बंद पडतो आणि बंद पडल्यावरही अर्धा-पाऊण तास कोमट राहतो. रात्रभरासाठी बरा आहे. लाल तार दिसत नाही, नातवाचं बोट आत जात नाही, गोधडीचा कोपरा तारेवर पडत नाही. मावशीसाठी मीही हाच निवडला असता. पण हिशोब करा. २००० वॅटचा हीटर रात्री आठ तास आणि थर्मोस्टॅटमुळं त्यातला निम्मा वेळ चालला, तरी ८ युनिट. महिन्याला २४०. महावितरणचा दर १०० युनिटच्या वर गेलं की चढतो, हे मावशीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

खरी वाचत असेल तर ती दाराखालच्या फटीत. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा दहा अंशांनी तापवायला एका युनिटचा आठवा भाग पुरतो. बाकी सगळी वीज दगडी भिंती, वरचं माळवद आणि न लागणारी खिडकी खाते. जुन्या साडीची गुंडाळी दाराला लावली की थर्मोस्टॅट लवकर पडतो.

खिडकीखाली ठेवा हे तिकडं ठीक, कारण काचेवरून उतरणारा गार झोत तिथंच अडतो. आपल्या खिडकीखाली पडदा लोंबतो, आणि बहुतेकदा तिथं पलंग असतो. ओल्या कपड्यांचं तर बोलूच नका. त्याच्यावर काही टाकू नका असं हीटरवरच लिहिलेलं असतं.

शेगडीचा मुद्दा मी शेवटी घेतोय, पण तो वाचून माझं डोकंच फिरलं. विजेचा हीटर, मग तो कॉइलचा का असेना, ऑक्सिजन खात नाही. तिथं काही जळत नाही, तार फक्त तापते. ऑक्सिजन खाते ती शेगडी. कोळसा बंद खोलीत धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते, आणि झोपलेला उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक, त्यात ४ लेकरं, हॉटेलच्या एका खोलीत असेच गेले. थंडी म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या आणि आत गॅसचा हीटर.

यावर मावशी म्हणाली, "आमच्या आईनं जन्मभर शेगडी घेतली की घरात." घेतली. पण त्या घराच्या माळवदाला सवणं होतं, म्हणजे धूर जायचं भोक. मीच लहानपणी आजोळी वर चढून पावसात त्यावर दगड ठेवायचो आणि पाऊस थांबला की काढायचो. शेगडीही ओसरीत पेटायची आणि निखारे फुलून धूर गेल्यावर आत यायची, आणि दारंही अशी की मांजर फटीतून जायचं. तेव्हाही सगळे वाचले असतील असं मी म्हणत नाही. मावशीच्या पोरानं मागच्या वर्षी तिच्या खोलीला स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या आणि वर स्लॅब टाकला. त्यात शेगडी घेऊन झोपायचं? परभणीत डिसेंबर २०१८ च्या शेवटी कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांपर्यंत उतरला होता. असल्या रात्री माणूस फटी बुजवतोच. शेकायचं असेल तर अंगणात शेका, चारचौघांत बसून.

मेसेजमध्ये जे एकदाही आलं नाही ते मला मावशीच्या बोर्डात सापडलं. तिचा हीटर २५०० वॅटचा, वर त्यालाच बसवलेला, गरम हवा फेकणारा ४०० वॅटचा पंखा. सगळं चालू केलं की २३० व्होल्टवर साडेबारा अँपिअरच्या वर ओढतो. आणि तो लावलेला कशाला, तर ६ अँपिअरच्या पॉइंटला, मल्टीप्लगमधून. मल्टीप्लगचं एक भोक तपकिरी होऊन आत वितळलेलं. सकाळी बाथरूममध्ये गीझर चालू असतानाच हा चालू करायची. "मधूनच जळका वास यायचा," ती म्हणाली, "मला वाटलं नवं आहे म्हणून येत असंल."

मी मल्टीप्लग खिशात घातला, मीटरपासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला वेगळा एमसीबी दिला, बोर्डातलं बटण फेजवर घेतलं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे दोन्ही स्क्रू आवळले. हीटर १००० वॅटच्या खटक्यावर ठेवला. साडेदहाच्या सुमाराला मावशीनं चहा आणला आणि विचारलं, "मग हवा नाहीच काढायची?"