बिबड्यांचा सातबारा

आमच्या हिच्या ज्वारीच्या बिबड्यांना, म्हणजे उन्हात वाळवलेल्या पापडांना, अख्ख्या जळगावात तोड नाही. पुण्याच्या भाचीनं "मामा, वेबसाइट काढा" म्हटलं आणि मी नाव शोधायला बसलो. बिबडे इंग्रजीत लिहायचे कसे? एक 'ए' घातला तर लोक 'बिबेड' वाचतात, दोन घातले तर 'बिबाडे'. म्हटलं, देवनागरीतच घेऊ, २०१४पासून 'डॉट भारत' मिळतंच की! पण आमची निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलवर मराठी टाइप करत नाहीत आणि उरलेली बोलून टाइप करतात, तेव्हा तोंडात बिबडा असतो.

शेवटी गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं 'डॉट कॉम' घेऊन दिलं. वर्षाला हजाराच्या आत. मी पेढे वाटले. आई पारोळ्याची. पेढा तोंडात टाकत तिनं एवढंच विचारलं, "जागा कोना नाववर शे?"

मी हसलो. म्हातारीला काय कळतंय!

वर्षानं ऐन उन्हाळ्यात, बिबड्यांच्या हंगामात, साइट गायब. होस्टिंगवाल्याला तावातावानं फोन लावला, "३ वर्षांचे पैसे भरलेत!" तो शांतपणे म्हणाला, "काका, ते जागेचे. पत्त्याचे वेगळे." म्हणजे घर जागेवर, पण दारावरची पाटी आणि गल्लीचा पोस्टमन दोन्ही नाहीसे. मुदत संपत आल्याचे ईमेल आले होते, पण पोराला. नोंद त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि पोरगा नोकरीला नाशिकला.

तेव्हा कळलं, हे नाव विकत मिळतच नाही. भाडेपट्टाच तो, एका वेळी फार तर १० वर्षांचा. मुदत टळली तरी काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं, मग ३० दिवस दंड भरून, आणि त्यानंतर ५ दिवसांनी रान मोकळं, कोणीही उचला. आमचा दंडाच्या मुदतीतला २६वा दिवस होता. दंड ऐकून हिनं मनातल्या मनात किती बिबडे थापावे लागतील याचा हिशेब केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला सवलतीचे दिवस नसतात.

पोरगा सुट्टीत आला, तेव्हा त्याला शेवभाजी खाऊ घालून आधी ईमेल बदलून घेतला, मग नाव. मालकाच्या रकान्यात मी माझं टाइप करत होतो. हिनं कीबोर्ड ओढून स्वतःचं घातलं.

प्रिंट काढून आईसमोर धरली. तिनं ती सातबाऱ्यासारखी उलटसुलट केली, चष्मा पुसला.

"चतुःसीमा नही लिखी का?"