पुरुषांवरचा सिनेमा पुरुषांनी कसा बघावा

रसिक पुरुषहो, गेल्या रविवारी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये, पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चार पंखे (चालू एक) यांच्या साक्षीने मी ‘कार्नल नॉलेज’ पाहिला. पाहिला म्हणजे तुमच्या डोक्यांच्या फटीतून जेवढा दिसला तेवढा. 1971 चा सिनेमा, माइक निकोल्सचा, ज्यूल्स फायफर या व्यंगचित्रकाराने लिहिलेला. जॅक निकल्सन आणि आर्ट गारफंकेल हे दोन कॉलेजमित्र. वीस-पंचवीस वर्षं एका बाईकडून दुसरीकडे जातात आणि कुठेच पोचत नाहीत. बायका त्यांना हव्या असतात. बायकांशी बोलणं मात्र जिवावर येतं. बोलायचं ते एकमेकांशी, बायकांविषयी. सिनेमा सुरूच तसा होतो : पडदा काळा, श्रेयनामावली चाललेली, आणि अंधारात दोन पोरांच्या गप्पा.

हा सिनेमा बघताना तुम्ही जे कसब दाखवलंत ते वाया जाऊ नये, पुढच्या पिढीच्या उपयोगी पडावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वप्रथम, वेळेवर सुरू करू नका. साडेपाच म्हणजे पावणेसात हे आम्हाला पाठ आहे, तरी दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी असलेली माणसं मूर्खासारखी वेळेवर येऊन बसतात, त्यांना धडा मिळतो. मधल्या वेळात सत्कार उरकून घ्या. सोलापूरच्या माणसाला सोलापूरचीच चादर पांघरा, मे महिन्यात. पाहुण्यांनी ‘दोन शब्द’ म्हणून वीस मिनिटं बोलावं आणि त्यात ‘धाडसी’ हा शब्द दर मिनिटाला, थोडं हसून, वापरावा. ‘धाडसी’ ऐकताच मागच्या रांगेतले चार जण कसे पुढे सरकले ते मी पाहिलं. पाहुण्यांनी त्यांना एक गोष्ट सांगितली असती तर बिचाऱ्यांचा त्रास वाचला असता. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावात, हा सिनेमा लावला म्हणून थेटरच्या मॅनेजरला अश्लीलतेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. खटला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1974 मध्ये न्यायालयाने त्याला सोडलं. यात अश्लील ठरावं असं काही नाही, म्हणाले. म्हणजे पुढे सरकलेल्या चौघांची जी निराशा झाली, ती न्यायमूर्तींनी पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे.

बायकोला आणू नका. आणलीच तर दाराजवळ बसवा.

फोन आला तर बाहेर जाऊ नका. “हां बोल, सिनेमात हाय” हे सगळ्यांना कळायला हवं.

हसण्याच्या जागा नीट हेरून ठेवा. कॅन्डिस बर्गेनची सुझन दोन मित्रांच्या मध्ये बसून हसते, हसतच राहते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. दोघे मित्र दिसतच नाहीत, नुसते ऐकू येतात. त्या हसण्यात तिचं काय काय चाललंय हे बघायला दिग्दर्शकाने आपल्याला एवढा वेळ दिला आहे. तो वेळ “लई हसायली की बे ही” असं म्हणून सत्कारणी लावावा. पुढे निकल्सनचा जोनाथन आपल्या आयुष्यातल्या सगळ्या बायकांच्या स्लाइड्स लावतो, अगदी लहानपणच्या मुलीपासून, आणि एकेकीला शिव्या देत जातो. इथे सर्वांत मोठ्याने हसा. पडद्यावर त्याच्या मित्राबरोबर आलेली अठरा वर्षांची मुलगी ते बघून रडते, तिकडे लक्ष देऊ नका.

आता चर्चा. ही कला मात्र सावकाश शिकावी लागते. सिनेमा अठ्ठ्याण्णव मिनिटांचा आणि चर्चा दोन तासांची, हे प्रमाण सोडू नका. सुरुवात “प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे” अशी करा. त्यात आपण पुण्यात शिकायला असताना काय काय पाहिलं ते येऊ द्या. मग नायकाची बाजू घ्या. एका गृहस्थांनी घेतली, फार कळवळून. “त्याची बॉबी दिवसभर अंथरुणात लोळते, घर उकिरडा करून ठेवलेलं, माणूस चिडणारच ना?” टाळ्या पडल्या. ॲन-मार्ग्रेटला जोनाथनबरोबर राहणाऱ्या या बॉबीसाठी ऑस्करचं नामांकन होतं, ते काय लोळण्याबद्दल होतं का?

तेव्हा मागून एक मुलगी उठली. बावीस-तेवीसची असेल. मघाशी चादरीचं ताट तिच्याच हातात दिलं होतं. म्हणाली, “पण तिची नोकरी त्यानेच सोडायला लावली होती, आणि मग तोच विचारतो...” एवढंच. पुढचं वाक्य आजही त्या हॉलमध्ये लोंबकळत असेल. पहिला म्हणाला, “बेटा, संसार केलास की कळेल.” दुसऱ्याने तिचंच वाक्य तिला समजावून सांगितलं, थोडं चुकवून. तिसऱ्याने फार मायेने विचारलं, इंग्रजी कळलं का सगळं, सबटायटल नव्हते म्हणून विचारतो. चौथ्याने “महिलांनी असं पुढे येऊन बोललं पाहिजे” म्हणून स्वतःच पाच मिनिटं घेतली. मुलगी उभीच. माइक तिच्याकडून कधी गेला तेही कळलं नाही. बॉबी गोळ्या खाते हो त्या सिनेमात! झोपेच्या गोळ्या! नोकरी गेली, लग्नाचं विचारलं तर घर डोक्यावर घेतलं, आणि दिवसभर करतेस काय म्हणून वर ओरडा. त्या पोरीला एवढंच सांगायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. हात दाखवून पुरुषांना थांबवणं हा माझा धंदा होता. रविवारी तो हात मांडीवरच राहिला, हेही लिहून ठेवते.

वृत्तांत लगेच लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आला. त्यात बॉबीच्या नोकरीचा मुद्दा होता, एका ज्येष्ठ रसिकाच्या नावावर. खाली “महिलांचीही उपस्थिती लक्षणीय होती.” होतो आम्ही पाच. फोटोत सहा पुरुष, आणि कडेला ताट धरलेले दोन हात. मनगटापर्यंत.

बास झालं. आता सरळ बोलते.

तुम्ही आरशासमोर बसला होतात आणि दोन तास आरशाच्या चौकटीची तारीफ केलीत. जोनाथन शेवटी कुठे पोचतो पाहिलंत ना? एका बाईला पैसे देतो आणि ठरलेली वाक्यं म्हणून घेतो : तू किती मर्द, तू किती जोरदार. तिचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की भडकतो, कारण त्याशिवाय त्याचं काही चालतच नाही. तुम्हाला ते ऐकून कीव आली म्हणे. एका काकांनी तर डोळे पुसले. अहो, तो निदान पैसे तरी मोजतो. तुम्हाला तीच वाक्यं फुकट पाहिजेत, ताट धरणारीकडून, चहा देणारीकडून, घरी दार उघडणारीकडून. आणि ती मिळतात म्हणून तुमचा माज उतरत नाही. एका पोरीचं एक वाक्य पुरं होऊ दिलं असतंत तर काय सात रस्ता खचला असता? लाज वाटली पाहिजे. साठी उलटली तरी ऐकून घ्यायला शिकला नाहीत, आणि रसिक म्हणवता.

मीही निघताना संयोजकांना म्हणाले, “छान झाला हं कार्यक्रम.” तोंडातून आपोआप आलं, त्याचा राग अजून जात नाही.

येताना स्कूटरवर ह्यांनी विचारलं, “सिनेमा चांगला होता, पण ती बॉबी दिवसभर घरात करत काय होती?”

पहाटे चारला पाणी येणार होतं. मी मोटरची पिन ह्यांच्या उशाशी ठेवली, पिंप भरलं की सांगा म्हटलं, आणि झोपले.