बिनविरोध पंच

१९६३ साली यशवंतराव चव्हाण नाशकातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्यानंतर नाशकात इतक्या एकमताने कुणी निवडलं गेलं असेल, तर तो मीच. फरक एवढाच, की ते संरक्षणमंत्री होते आणि मला कसलंच संरक्षण नव्हतं.

१ मेला सगळं खानदान जमवायचं आणि मोबाइल बाजूला ठेवून आपले मातीतले खेळ खेळायचे, असं मोठ्या काकांनी ठरवलं. वर अट अशी, की दिवसभर शुद्ध मराठी. इंग्रजी शब्द तोंडून निघाला की १० रुपये दंड. पंच कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. संपला विषय. एक शिट्टी आणि दंड गोळा करायला चिवड्याचा रिकामा डबा माझ्या हातात आला.

"मग ठरलं तर! सकाळी ७ ला गोल्फ क्लबवर," काका म्हणाले.

डब्यात पहिले २० रुपये त्यांचेच पडले. त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांचं नाव आहे, पाटीही आहे, पण नाशिककराच्या जिभेवरचा गोल्फ क्लब काही उठत नाही. काकांनी दंड भरला आणि रागाने जागाच बदलली. आता मखमलाबादला, काकूंच्या माहेरच्या मळ्यात.

द्राक्षांचा मळा म्हटल्यावर नागपूरचे जावईबापू मोठी पिशवी घेऊन आले. इकडे एप्रिलची खरड छाटणी उरकलेली. काड्यांवर बोटभर फूट, आणि सावली म्हणाल तर तारेची. "द्राक्षं कुठी आहेत भाऊ?" त्यांनी विचारलं. "मार्चमध्ये या," काकू म्हणाल्या. पिशवी त्यांनी डोक्यावर ओढून घेतली. साडेआठनंतर सगळेच त्या पिशवीकडे आशेने बघायला लागले.

सुरुवात लगोरीने. म्हणजे होणार होती. "लगोरी काय, लिंगोरचा म्हणा," पुण्याची मामी. चिपळूणच्या आत्याच्या अंगणात चेंडू पाठीत बसला तरच गडी बाद. जळगावच्या मावशीच्या गल्लीत कुठेही लागला तरी बाद. जावईबापूंच्या मोहल्ल्यात टप्पा पडून लागला तर मुळी धरतच नाहीत. नेम धरायला चेंडू तीन की पाच? लगोरी रचल्यावर नुसतं ओरडायचं, की वरून पाय फिरवून दाखवायचा? १९६० साली महाराष्ट्र एक झाला खरा, पण लगोरीचा मुद्दा तेव्हा चर्चेला आलेला दिसत नाही. मी शिट्टी फुंकली. शिट्टी वाजली की लोक दुप्पट आवाजात भांडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कसंबसं जमलं, तर खापऱ्यांचं दुसरंच निघालं. त्या आणायचं काम पुतण्याकडे. चौथ्या मजल्यावर वाढलेलं पोर, कौलं आणणार कुठून? त्याने बाथरूमच्या कामातून उरलेल्या फरशीचे सात तुकडे आणलेले. फिकट निळे, चकचकीत, एकावर अर्धं कमळ. चार रचले की पाचवा, रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकावा तसा, हळूच निघायचा आणि खालच्या तिघांना घेऊन जायचा. चेंडू मारायची गरजच उरली नाही. लगोरी आपली आपण पडायची आणि काका दर वेळी "फोडली!" म्हणून पळत सुटायचे.

शेवटी माझी आई उठली. ठिबकच्या नळीखालचा ओला चिखल तिने ओंजळीत आणला, दोन-दोन फरश्यांमध्ये थापला आणि गवंड्यासारखा कडेने बोटाने निपटला. लगोरी ताठ उभी राहिली. आता ती फुटेना.

चेंडूवर चेंडू आपटले. अर्धं कमळ जागचं हललं नाही. वैतागून मी "सगळे आउट!" म्हणून ओरडलो आणि १० रुपयांना मुकलो. पंचाला दंड नसतो, असा मुद्दा मी काढला. निकाल अर्थातच पंचाने द्यायचा होता आणि अठराजण माझ्याकडे बघत होते. मुद्दा मी फेटाळला.

मग रस्सीखेच झाली. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की एका बाजूला माहेरचे आणि दुसऱ्या बाजूला सासरचे ही वाटणी माझी नव्हती.

विटीदांडूला काका स्वतः उतरले. वय ७१, डोक्याला ओला पंचा. विटीचा टोला बसला तो थेट शेजारच्या बांधापर्यंत. काका दांडू आडवा टाकत, वाकून, तालात मोजत निघाले. "वकट, लेंड, मूंड, नाल..." सगळे गप्प झाले. ही मोजणी आमच्या कानांवर पडून चाळीस वर्षं झाली होती. आत्याने पदर डोळ्यांना लावला. हैदराबादला नोकरी करणारा भाचा तेवढा कान टवकारून म्हणाला, "आजोबा, हे तर तेलुगू! ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू!"

दांडू हवेतच थांबला. महाराष्ट्र दिन, अंगात खादीचा सदरा, आणि हे. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे.

"दंड इंग्रजीला आहे," काका म्हणाले, "आणि कोणी सांगावं, त्यांनीच आपल्याकडून नेलं असेल." मग पुढे वाकले. "आर, वी, झकू!"

ऊन तापलं तसा खेळ मोडला. जिंकलं कोण ते अजून ठरायचंय. माझ्याकडे तीन लेखी तक्रारी आल्या आहेत, त्यातली एक आईची. डब्यातल्या पैशांत सगळ्यांना उसाचा रस पाजायचं ठरलं आणि परतताना आम्ही नाक्यावरच्या रसवंतीत शिरलो. चरकाचे घुंगरू थांबवून रसवाल्याने विचारलं, "साहेब, बर्फवाले किती, विदाऊट किती?"

काकांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि त्याच्यापुढे धरला.