‘मंत्रालयात निवेदनं देऊन पोरं वाचत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात सातपुड्यातून बालमृत्यूची बातमी आली की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या ग्रुपांवर तोच एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: कुपोषण हा आयांच्या अडाणीपणाचा प्रश्न आहे. योजना ढीगभर आहेत, घेणारेच घेत नाहीत. अंगणवाडी सुधारणं हे गावाचं, फार तर कलेक्टरचं काम आहे. आणि मंत्रालयात निवेदन देऊन फोटोपलीकडे काही हाती लागत नाही. मजकूर लिहिणारा खोटारडा नाही, त्याने अर्धंच पाहिलंय.

‘आयांना कळत नाही.’ सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं. एका वेळेला अर्धी ते एक वाटी जाते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा भरवावं लागतं. निंदणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते आणि दिवस मावळताना परतते. मधल्या वेळेत बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं आणि ती तिच्या परीने पातळ पेज पाजते. पातळ पेजेत पाणी जास्त आणि ताकद कमी, त्यामुळे पोट भरतं पण वजन हलत नाही. बाळाला भूक लागते हे आईला सांगायला तक्ता लागत नाही. भरवायच्या वेळी ती तिथे नसते, एवढाच प्रश्न आहे. यावर उपाय म्हणजे दुपारी भरवणारं पाळणाघर. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं, पण प्रस्ताव राज्याने पाठवायचा असतो आणि 40 टक्के वाटाही राज्याने उचलायचा असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या ग्रामसभेने ठराव केला तरी तो मुंबईतून पुढे गेला नाही तर कागदच राहतो.

पहिलं चिकाचं दूध, हात धुणं, मुलीचं लग्न अठराच्या आत न करणं, ही कामं घराची आहेत, यात वाद नाही.

‘योजना ढीगभर आहेत.’ आहेत, पण त्यांच्या हद्दी आणि दर बघा. अंगणवाडीच्या पूरक आहाराचा दर केंद्राने 2017 साली ठरवला: मुलामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कमी वजनाच्या मुलासाठी 12 रुपये. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या मूळ निकषांनुसार (ते 2023 मध्ये बदलले) याच पैशात मुलाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला 800 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवी होती. बाजारात एक अंडं घेतलं की आठातले बहुतेक रुपये संपतात. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून भर घातली तरच हे गणित जमतं, आणि महाराष्ट्राने ती एका ठिकाणी घातलीही आहे. 2015 पासूनच्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो, पुढच्या टप्प्यात लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळू लागली.

पण ही योजना अनुसूचित क्षेत्रापुरती, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागापुरती आहे. खान्देशात त्याचा अर्थ असा: अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर पूर्ण, तर नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेरचा काही भाग. अमळनेर, पारोळा, एरंडोलच्या भिल वस्तीतलं मूल तेवढंच बारीक असलं तरी यादीत बसत नाही. रावेर-यावलमध्ये तर रेषा तालुक्याच्या मधूनच जाते. केळीच्या आगारात रेषेच्या अलीकडच्या पाड्यातल्या मुलाला अंगणवाडीत केळं मिळतं आणि पलीकडच्या वस्तीतल्या, केळीच्याच बागेत राबणाऱ्या मजुराच्या मुलाला मिळत नाही. ही रेषा कुठल्याही तहसीलदाराला हलवता येत नाही.

आणखी एक अडचण योजनेच्या रचनेतच आहे. पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि अंमल महिला व बालविकासचा. निधी दोन खात्यांतून उतरता उतरता उशीर झाला की सेविका उधारीवर अंडी आणते, आणि दुकानदाराने हात आखडला की अंडी बंद होतात. मग बाहेरून दिसतं ते एवढंच, की योजना असून लोक येत नाहीत.

अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांचंही असंच आहे. गोडूस मिश्रण मुलं खात नाहीत, पाकीट शेळीपुढे जातं, ही तक्रार जुनी आहे. पण ठेका ठरतो मुंबईत आणि पाकीट फुटतं सातपुड्यातल्या मोलगीत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातले याच आहाराचे ठेके रद्द केले होते. तो खटला एका महिला बचत गटाने लढवला होता.

‘हे कलेक्टरचं काम.’ काही अंशी खरं आहे, आणि मोजमापाच्या बाबतीत तर गावातच पुष्कळ बिघडतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं निजवून मोजायची असते. तेच मूल उभं करून मोजलं तर साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. लांबी कमी लिहिली की त्या लांबीला वजन ‘पुरेसं’ दिसतं आणि तीव्र कुपोषित मूल कागदावर मध्यम होऊन बसतं. दंडाचा घेर डाव्या हाताचा घ्यायचा, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. 11.5 सेंटिमीटरच्या आत आला तर मूल तीव्र कुपोषित. पट्टी जरा सैल धरली की 11.4 चे 11.7 होतात. वजनाआधी काटा शून्यावर आणला नाही, हातापायातले वाळे काढले नाहीत, तर तिथेही फरक पडतो.

एवढं सेविकेला शिकवता येतं. पण लांबी मोजायचा पाट मोडला तर नवा कोण देणार? रिक्त पदं कोण भरणार? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्थलांतर. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात, कुटुंबं कोयता घेऊन गुजरातच्या ऊसपट्ट्यात जातात आणि होळीच्या आसपास परततात. ते चारेक महिने मूल ना इकडच्या अंगणवाडीत असतं, ना तिकडच्या. महाराष्ट्राने स्थलांतरित माता-बालकांची नोंदप्रणाली सुरू केली आहे, केंद्राच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवरही मूल दुसरीकडे जोडता येतं. तरी उसाच्या पडावावरून, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुक्कामावरून, जवळची अंगणवाडी लांब असली तर नोंद असून उपयोग काय? दोन राज्यांच्या खात्यांनी बसून पडावापर्यंत आहार आणि लस पोचवायची व्यवस्था लावायला हवी. नंदुरबारचा कलेक्टर सुरतच्या कलेक्टरला पत्र लिहू शकतो, आदेश देऊ शकत नाही.

‘निवेदनाने काही होत नाही.’ बहुतेक निवेदनांच्या बाबतीत हे खरं आहे. एका कागदावर अकरा मागण्या, वर ‘मा. मुख्यमंत्री’, खाली सतरा प्रती, सोबत आकडा एकही नाही. असा कागद टपाल विभागातून पुढे सरकत नाही, आणि सरकू नये असंच म्हणावंसं वाटतं.

पण नेमक्या कामाचा इतिहास वेगळा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत मोजून दाखवली. 2011 पासून ती देशाच्या कार्यक्रमात आली. आज तोरणमाळची आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाते, घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशीही, ती त्यातूनच. बालमृत्यूंवर ओरड झाली तेव्हा राज्याने 2005 साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 46.3 टक्के होतं, 2015-16 मध्ये ते 34.4 झालं. सगळं श्रेय मिशनचं नाही. पण त्यापुढच्या पाहणीत, 2019-21 मध्ये, आकडा 35.2 वर अडकला, म्हणजे काम आपोआप होत नाही हेही दिसलं.

मागणी करायची तर एका कागदावर एकच करा. आधी त्या योजनेचा शासन निर्णय काढून वाचा, त्यातला कुठला परिच्छेद बदलायचा किंवा पाळला जात नाही ते क्रमांकासह लिहा. आकड्यांसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात मासिक प्रगती अहवाल मागा: 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘तीव्र कमी वजन’ (वयानुसार वजन) आणि ‘तीव्र कुपोषित’ (उंचीनुसार वजन किंवा दंडघेर) यांची सरमिसळ करू नका, त्या एका चुकीवर अख्खा अर्ज ‘वस्तुस्थितीशी विसंगत’ ठरतो.

पत्ताही नीट घाला. अंगणवाडीचा विषय एकात्मिक बालविकास सेवा आयुक्तालयाचा, ते नवी मुंबईत बेलापूरला आहे. पुण्याचं महिला व बालविकास आयुक्तालय वेगळं, तिकडे बालगृहं, बालसंरक्षण वगैरे. अमृत आहाराच्या निधीचा विषय असेल तर नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांनाही प्रत हवी. प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक लिहून घ्या. आहार मिळालाच नसेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि वर राज्य अन्न आयोग आहे. हक्काचा भंग असेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं, चौकशीत त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पाड्यावर अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची 40 मुलं असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2006 चा आदेश जोडा: मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी. सोबत मुलांची नावनिशी यादी आणि जन्मतारखा हव्यात, नाहीतर ‘निकषात बसत नाही’ हे उत्तर ठरलेलं.

आमदारांकडे अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका, तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) त्याच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात नागपूरला असतं, म्हणजे कागद दसऱ्यापर्यंत तयार हवा. स्थलांतराचा विषय असेल तर कोण कुठे जाणार, मुकादम कुठला, मुलांची वयं किती, ही यादी पाड्यात माणसं आहेत तोवरच होते.