ऑपरेशननंतर टक्कल पडतं का?
‘वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर कायमचं टक्कल पडतं,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. केस गळतात हे खरं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कंगव्यात पुंजके येऊ लागतात आणि माणूस घाबरतो. ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने उतरणारं वजन यांमुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे काही महिन्यांत गळती थांबून नवे केस येतात. मात्र रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात जायलाच हवीत. वरणाच्या पाण्यातून ती मिळत नाहीत. एका अंड्यातही साधारण 6 ग्रॅमच असतात, म्हणूनच सुरुवातीला डॉक्टर प्रोटीन पावडर देतात. वर्षानंतरही गळती चालूच असेल, तर रक्तातलं फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि झिंक (जस्त) तपासून घ्या. नुसत्या बायोटिनच्या (एक ‘बी’ जीवनसत्त्व) गोळ्यांवर विसंबू नका.