डॉल्फिन ‘परतले’? गेले कधी होते?

मार्च उजाडला की तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर हमखास येतो. खाली मजकूर ठरलेला: ‘२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माणूस घरात बसला आणि मुंबईत डॉल्फिन परतले. समुद्र महिन्याभरात शुद्ध झाला. निसर्गाला फक्त एकटं सोडा.’

आधी ‘परतले’चं बघू. वरळी कोळीवाड्यात एका काकांना मी हा व्हिडिओ दाखवला. ते जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “परतले म्हंजे? गेले कधी होते?”

मुंबईपासून सिंधुदुर्ग, गोव्यापर्यंत दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच राहणारा. साधारण वीस-पंचवीस मीटरपर्यंतचं उथळ पाणी हेच त्याचं घर. सर्कशीसारख्या उड्या तो फारशा मारत नाही. आधी चोच वर येते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटासा पर, की गडप. दोन-तीन सेकंदांचा मामला. एरवी मरीन ड्राइव्हवरून घाईत जाणाऱ्याला तो कुठला दिसायला? लॉकडाऊनमध्ये खिडकीत तासन्‌तास बसायला वेळ होता आणि हातात मोबाइल.

समुद्र शुद्ध झाला म्हणे. अहो, अख्खी मुंबई घरात होती म्हणजे घरचीच मोरी आणि घरचाच संडास वापरत होती ना? समुद्रात जाणाऱ्या मैलापाण्याला कुणी सुट्टी दिली नव्हती.

आणि माणूस समुद्रातून हटला, हेही फार दिवस खरं नव्हतं. १० एप्रिल २०२० लाच केंद्राने मासेमारीला लॉकडाऊनमधून सूट दिली.

(याच फॉरवर्डला कधीकधी व्हेनिसचे डॉल्फिन जोडलेले असतात. ती क्लिप व्हेनिसची नाही, इटलीच्याच सार्डिनिया बेटावरच्या काग्लियारी बंदरातली आहे.)

मला खरा राग आहे तो फॉरवर्डच्या शेवटच्या वाक्याचा: ‘निसर्गाला फक्त एकटं सोडा.’ हा हंपबॅक डॉल्फिन आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. मादीला काही वर्षांतून एकदा, एकच पिल्लू होतं. तो राहतो त्याच उथळ पट्ट्यात आपली जाळी पसरलेली. जाळ्यात अडकला की श्वासासाठी वर येता येत नाही, आणि पाण्यातला हा प्राणी पाण्यातच बुडून मरतो. तिथे ‘एकटं सोडून’ कसं भागेल? कुणालातरी सुरी काढून स्वतःचं जाळं कापावं लागतं. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. पुरावा म्हणून फोटो लागतो.

काका शिवत होते ते जाळं असंच कापलेलं होतं. भरपाईचं विचारलं तर हसले. “एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जालं. फोटो कुठच्या हातानं काढू?”