लीजवरच्या गाडीचा जीएसटी परत मिळत नाही

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, बघा की एकदा, मी जवळजवळ ठरवलंच आहे.’ त्याचे कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मशीनशॉप आहे, धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि दोन दरवाजांची जर्मन स्पोर्ट्स कार घ्यायची हे त्याच्या मनात कॉलेजपासून आहे. तो संदेश त्याआधी माझ्या तीन अशिलांकडूनही आला होता. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : श्रीमंत माणसे महागडी गाडी कधीच विकत घेत नाहीत, लीजवर घेतात, लीजच्या भाड्यावरचा जीएसटी पूर्ण परत मिळतो, भाडे पूर्णपणे खर्चात टाकता येते, विकत घेतली तर करात काहीच सुटत नाही, रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि कंटाळा आला की गाडी परत करता येते. अशिलांना मी दोन ओळींत उत्तर दिले होते. भाचा मात्र सही करायला निघाला होता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत घातक मुद्दा जीएसटीचा आहे, कारण बाकीच्या चुकांनी फक्त पैसे जातात, या चुकीने नोटीस येते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याचे कलम १७(५) ज्याने एकदा शांतपणे वाचले आहे, तो असला संदेश पुढे पाठवणार नाही. चालकासह तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा करून घेण्याची सोय, मिळत नाही, असे त्या कलमात लिहिले आहे. अपवाद मोजके आहेत : तुम्ही तीच वाहने पुढे पुरवत असाल, प्रवासी वाहतूक करत असाल किंवा वाहन चालवण्याचे प्रशिक्षण देत असाल तर. त्याच कलमात पुढे अशा वाहनाचे लीज, भाडे आणि हायर यांवरच्या कराचे क्रेडिटही स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. विमा आणि दुरुस्तीचेही तेच. १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी तिथे ‘रेंट-अ-कॅब’ असा शब्द होता आणि लीज त्यात येते की नाही यावर वाद घालायला जागा होती, एवढे मान्य करतो. ती जागा दुरुस्तीने बुजवून कित्येक वर्षे झाली. आजही कोणी क्रेडिट घेतले आणि वापरले, तर ते १८ टक्के व्याजासह परत भरावे लागेल आणि वरून दंड होईल. भाच्याचे शॉप सुटे भाग बनवते, गाड्या भाड्याने देत नाही. तो कुठल्याही अपवादात बसत नाही.

आता त्याच्या हातातले कोटेशन पाहा. गाडीची एक्स-शोरूम किंमत १ कोटी २० लाख, मुदत ४८ महिने, मासिक भाडे २,३०,०००. लीजवर कराचा दर गाडीच्या विक्रीवर असतो तोच, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला ४० टक्के, त्यामुळे महिन्याला आणखी ९२,००० रुपये. भाच्याने या ओळीसमोर पेन्सिलीने ‘परत’ असे लिहून ठेवले होते आणि पुढचा सगळा हिशेब त्या एका शब्दावर उभा केला होता. चार वर्षांत ती ओळ ४४,१६,००० रुपयांची होते. त्याने याच रकमेचे सीएनसी (संगणकावर चालणारे) मशीन घेतले असते, तर त्यावरच्या जीएसटीचे पूर्ण क्रेडिट त्याला मिळाले असते. तो मशीनचा नियम गाडीला लावत होता.

खर्चाच्या वजावटीत अर्धसत्य आहे. भाडे खर्चात टाकता येते हे खरे, पण ‘विकत घेतली तर काहीच नाही’ हे साफ खोटे आहे. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीची वजावट, मिळतो आणि कर्जाचे व्याजही वजा होते. दोन्ही मार्गांत खाजगी वापराचा हिस्सा अधिकारी काढून टाकू शकतो, आणि दोन आसनांची स्पोर्ट्स कार पूर्णपणे धंद्यासाठीच आहे हे पटवणे अवघडच जाते. तरी संदेशाला शक्य तितके झुकते माप देऊन, पूर्ण वापर धंद्याचाच धरून मी हिशेब केला. लीजवर एकूण १,५४,५६,००० रुपये जातात. खरेदीत रोड टॅक्ससह १ कोटी ४४ लाख होतात. सगळी रक्कम साडेनऊ टक्क्यांनी चार वर्षांच्या कर्जावर घेतली तर हप्ते सुमारे १ कोटी ७३ लाख ६५ हजारांचे होतात, आणि नंतर गाडी ६० लाखांना विकली असे धरले तर निव्वळ खर्च १ कोटी १४ लाखांच्या आत राहतो. लीजमध्ये वजावट जास्त मिळते, त्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यात, अधिभार सोडून, साधारण साडेसतरा लाखांचा कर जास्त वाचतो. तो धरूनही खरेदी सुमारे २३ लाखांनी स्वस्त पडते. विमा दोन्हीकडे वेगळा भरायचाच आहे.

रोड टॅक्सबद्दल फार लिहीत नाही. महाराष्ट्रात आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के लागतो, १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० वरून ३० लाख झाली आहे, आणि लीज कंपनी तो भरून भाड्यात मिळवते. कमी कराच्या राज्यात नोंदणी करण्याची युक्ती सुचवणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ वाचावे. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवली की इथली नोंदणी आणि इथला कर आलाच.

लीजची खरी जमेची बाजू संदेशात आलेलीच नाही, ती मी सांगतो. गाडीची पुढची किंमत कोसळण्याचा धोका लीज कंपनी घेते. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात तिथे बनलेल्या गाड्यांवरचे शंभर टक्क्यांहून जास्त असलेले आयात शुल्क कोट्याच्या मर्यादेत १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे, आणि स्पर्धेतली नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव टिकत नाही, मग ती जर्मन का असेना. वरच्या हिशेबात ६० लाखांऐवजी ३७ लाखांच्या खाली विक्री झाली, तर लीज सरस ठरते. तसेच मोठ्या कंपनीतल्या पगारदाराला मालकाने लीजची गाडी दिली, तर त्या सवलतीचे करपात्र मूल्य नियमाने ठरावीक आणि कमी असते, म्हणून त्याला लीज परवडू शकते. भाचा कोणाचा पगारदार नाही.

राहिले ‘केव्हाही परत करा’. त्याच्या करारात मुदतीआधी गाडी सोडल्यास उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा भरायचा आहे, आणि परत करताना चाकांच्या रिमवरचा ओरखडासुद्धा मोजला जाणार आहे. वर्षाला १०,००० किलोमीटरची मर्यादा आहे, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ६० रुपये. तो दर आठवड्याला कामासाठी पुण्याला जातो. जाऊन-येऊन सुमारे ४६० किलोमीटर होतात, म्हणजे बाविसाव्या आठवड्यात मर्यादा संपते आणि वर्षअखेर सव्वाआठ लाखांहून जास्त रक्कम वेगळी द्यावी लागते. हे मी त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो कराराचे चौथे पान उघडून बसला होता. ते पान त्याने तोवर वाचलेले नव्हते.